तीस चौकोन

ओरिसिया ह्नाट्युकचा फोन आला तेव्हा
मी कॅनोरात एका दंतवैद्याच्या राउटरपाशी उकिडवा बसलो होतो.
"पहिली ओळ नीट येते," ती म्हणाली,
"मग माणसं वर सरकायला लागतात.
दहाव्या ओळीतले तर सरळ
वरच्या शेजाऱ्याच्या घरात घुसतात."

सव्वा तास गाडी. दोन्ही बाजूंना कापणी झालेला गहू,
म्हणजे काहीच नाही.
चर्चच्या तळघरात उकडलेल्या बिटाचा वास
आणि टेबलावर फुकट गेलेले सहा कागद.
शरदातल्या जेवणाचं आमंत्रण, एकशे चौदा पत्ते,
टपालाची गाडी शुक्रवारी दुपारी
आणि आज गुरुवार.

मी आधी कागदाला दोष दिला. मग ड्रायव्हरला.
मग, कोणी ऐकत नाही असं बघून, कंपनीला.
आडनाव आधी, स्वल्पविराम, मग नाव,
पोलिसांच्या यादीसारखं छापत होतं, ते सुधारलं.
ज्यांनी जन्मात नोकरी केली नाही
त्यांच्याही पत्त्यात ऑफिससाठी एक रिकामी ओळ होती,
ती काढली.
"फादर म्हणत होते पवित्र पाणी शिंपडू," ओरिसिया म्हणाली.
"मीच नको म्हटलं. आत वीज असते."

घोडं कुठे पेंड खातंय
ते कळायला चाळीस मिनिटं गेली.
छपाईच्या चौकटीत, अगदी तळाला,
"पानाच्या मापात बसवा" यापुढे बरोबरची खूण.
यंत्र अख्ख्या गावाला
शंभराचं सत्त्याण्णव करून छापत होतं.
एकेकाच्या वाट्याला तीनच टक्के,
पहिल्या ओळीत कुणाला जाणवतही नाही,
दहाव्या ओळीत मात्र घर सुटतं.

खूण काढली. साध्या कागदावर छापलं,
लेबलांचा कोरा कागद त्याच्या मागे धरला
आणि दोन्ही खिडकीच्या काचेला टेकवले.
तळघराची खिडकी, जमिनीच्या उंचीची,
पलीकडे कुणाच्या तरी गाडीचं चाक.
उजेडात तीस चौकोन,
तिसांतही माणसं आपापल्या जागी.
ओरिसियानं चष्मा वर करून
एकेकाला बोटानं मोजलं.

तेवढ्यात प्रोग्रामनं विचारलं:
दोन नोंदी सारख्या दिसतात. एकत्र करू?
नेस्टर पिधिर्नी, पेटी अठ्ठावन्न.
ओरेस्ट पिधिर्नी, पेटी अठ्ठावन्न.
मी 'हो'वर जाणार, तर तिनं माझं मनगट धरलं.
भाऊ आहेत, म्हणाली. घर एकच.
एका कंबाइनच्या हप्त्यावरून अठ्ठ्याण्णव साली बिनसलं,
तेव्हापासून स्वयंपाकघर एक वाजेपर्यंत याचं,
नंतर त्याचं.
"एकच पत्र गेलं तर दोघंही समजतील
दुसऱ्यालाच बोलावलंय."
मग जरा थांबून:
"आणि दोघं एकाखाली एक नकोत.
जमेल का?"

अक्षरांचा क्रम मोडून
मी ओरेस्टला चौथ्या पानाच्या शेवटी नेऊन ठेवलं,
सहा रिकाम्या लेबलांच्या शेजारी.
कारण कुठेच लिहावं लागलं नाही.

पैसे घेत नाही म्हटल्यावर
तिनं लोणच्याच्या बिटाची बरणी हातात दिली.
त्या घरात काही वाया जात नाही,
फसलेल्या कागदांची लेबलं
बरण्यांवर लागली होती, वर पेनानं तारीख.

ती मी घरी येऊन पाहिली, फ्रिजच्या दिव्यात.
नेस्टर पिधिर्नी, पेटी अठ्ठावन्न,
आणि त्याच चौकोनात, पोस्टकोडला खेटून,
खालून वर चढलेला ओरेस्ट.
तिनं निवडून दिली की हाताला लागली ती,
विचारलं नाही.
बरणी संपली, धुतली.
लेबल सोलायला गेलो तर
एक कोपरा निघाला, तो तसाच परत दाबला.