रोशनीघर

रोशनीघरच्या दुसऱ्या मजल्यावर
अख्खं लश्कर माझ्यापुढे एका काचेत मावतं.
दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक मीटर
आपला आकडा सांगून गप्प होतो,
शाळेतल्या हजेरीसारखा.

कुठे पहाटेच इस्त्री तापते,
कुणाचा एसी रात्रभर घोरतो,
खासगी बाजारातली चक्की सहाला सुरू होते,
तिचा एक उंच सुळका.
नावं दिसत नाहीत. बघायचीही नसतात.
पण चिटणीसांच्या गोठीतला, शेवटी चार-शून्य-सात,
तो नंबर मला पाठ आहे.

अप्पा एकटे राहतात.
एकतीस वर्षं खांबावर काढली,
कमरेला दोर, खिशात टेस्टर,
आणि तरी तारेला आधी
बोटांची पाठ लावून बघायची खोड.
आता फ्रिज आणि एक दिवा एवढाच त्यांचा आलेख.
पाचला त्यावर एक दात उगवतो, पाण्याची मोटर,
म्हणजे उठले.
मग मी चहा मागवते.

मंगळवारी दात आला नाही.
सव्वापाच.
साडेपाच.
रेष सपाट, फ्रिजपुरती जिवंत.
फोन केला, तर पहिल्याच रिंगला उचलला.
"मुद्दामच नाही लावली मोटर.
बघत होतो, तुला दिसतं का."

मी चिडले. ते हसले, खोकले, मग म्हणाले,
"जनकगंजच्या डीपीचं काय म्हणणं आहे?"
मी वाचून दाखवलं: भार बासष्ट टक्के,
तेलाचं तापमान, तिन्ही फेज. सगळं हिरवं.
"ते नव्हे गं. आवाज कसा येतोय?"

आवाजाचा रकाना नाही आमच्याकडे.

ड्यूटी संपल्यावर स्कूटी थांबवली,
कचोरीच्या ठेल्यामागे जाळीपाशी फोन धरला.
कचोरीवाला झारा तसाच धरून बघत राहिला.
बऱ्याच वेळाने अप्पा बोलले:
"माणूस पाठव. दात वाजतायत त्याचे."

तक्रार मीच नोंदवली.
कारणांच्या यादीत सापडेना, म्हणून "इतर".
दुपारी कुशवाहाचा मेसेज:
"तेल ठीक है. एक नट ढीला था, कस दिया.
आवाज कौन-सी, मैडम?"

बुधवारी पाचला मोटर लागली.
सव्वापाचला पुन्हा. साडेपाचलाही.
टाकी कधीची भरून
जिन्यावरून वाहत असणार.