उजवा, डावा, दोन्ही

तार्तूत जानेवारीत साडेतीनलाच दिवस संपतो.
मी दिवा लावत नाही, पडद्याचा उजेड पुरतो.
एकेक चौकट पुढे सरकवायची
आणि लिहायचं: उजवा. डावा. दोन्ही.

हा उकू. सात महिन्यांचा.
पिवळा चेंडू असो की वाटाण्याएवढं बटण,
दोन्ही हात एकदम निघतात, न बोलावता,
आणि वस्तू त्यांच्या मधूनच निसटते.
दोन्ही. दोन्ही. दोन्ही.

अकराव्या महिन्यात एक हात मागे राहायला शिकला.
लाकडी कडं उजव्याने उचललं.
डावा मांडीवर पडून, पण त्याची बोटं
तिकडचं ऐकून मिटतायत, उघडतायत.
हेल्वे म्हणाली, बोटं मोजायची नाहीत.
उजवा.

मग तो चालू लागला
आणि शिकलेलं सगळं सांडलं.
खांद्याशी उंच धरलेले, तोल सावरणारे हात
साध्या चमच्यासाठीही पुन्हा जोडीनं धावले.
मला वाटलं, माझंच चुकतंय. तीनदा मागे गेले.
हेल्वे भाकरीला लोणी लावता लावता म्हणाली,
पाय उसनं मागतात, हात देतात.
फेडतील.

चौकटीच्या कोपऱ्यात त्याची आई, त्रीनू.
आयांना आम्ही सांगतो, मदत करायची नाही.
ती स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून बसते,
प्रत्येक खेपेला, त्याच निळ्या खुर्चीत.
बेकरीत कामाला आहे. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग,
बसण्याआधी क्षणभर दिसतो.
रस्त्यात भेटली तर मी तिला त्या डागावरून ओळखेन.

एकोणीस महिने. बरणी, झाकण, आत तेच बटण.
डावा धरतो. उजवा फिरवतो.
कुणी शिकवलं डाव्याला
हे नुसतं धरून राहणं?
रकाना मात्र जुनाच: दोन्ही.
मी समासात लिहिलं,
'तेव्हा दोघांनाही तेच हवं होतं.
आता एक दुसऱ्यासाठी थांबलाय.'
हेल्वेने खोडलं. बरोबरच आहे तिचं.

झाकण सुटेना. उलटं फिरवत होता.
उकू उठला.
एका हाताने बरणी छातीशी, दुसरा हवेत, तोलासाठी,
पाच पावलं,
आणि बरणी आईच्या गुडघ्यावर टेकवली.

त्रीनू छताकडे बघत राहिली.
सत्तावीस चौकटी. मोजल्या मी.
मग डागवाला हात बाहेर आला
आणि त्याने बरणी फक्त धरली.
फिरवलं उकूनेच, दोन्ही हातांनी,
सात महिन्यांचा असल्यासारखं.

वहीत स्पष्ट आहे: अशी खेप बाद.
दोनाचे चार हात लग्नात होतात.
इथे तीन झाले,
त्याला रकाना नाही.

अजून काही लिहिलेलं नाही.
दिवा लावला. डबा काढला.
झाकण उघडून झाल्यावर लक्षात आलं,
डावा कधी पुढे आला
मी पाहिलंच नाही.