पाच रुपयांचं वजन

आधी माझंच सांगते :
माझ्या पोराच्या डब्यात मीही पुडी टाकलेली आहे.
सातपूरच्या कंपनीत पहिली पाळी, सातला पंच,
कणकेत हात घालायचं त्राण नव्हतं त्या दिवशी,
आणि पुडी कशी, दातानंसुद्धा फाटते.

हे सभेत बोलायचं नव्हतं मला.
सभा तरी कसली, अंगणवाडीच्या ओट्यावर
नऊ बाया, दोन तान्ही, एक बाप
(लहामगे भाऊ, रात्रपाळीचे, डोळे तांबडे).
वैजयंताताईंनी वजनाचा तक्ता उघडला,
नावं न वाचता नुसतं बोट फिरवलं.
जिची तिला आपली ओळ कळली.

मग शकीलाभाभीनं
शाळेच्या फाटकासमोरून आणलेली पुडी
दुकानातल्या जुन्या तराजूत ओतली.
नारिंगी. फुगीर. बोटाला लागलं की धुऊन जात नाही.
दुसऱ्या पारड्यात पाच रुपयांचे शेंगदाणे.
ते पारडं असं आदळलं
की मांडीवरचं तान्हं दचकलं.

अर्ज लिहिला. सह्या सात, अंगठे तीन.
हेडमास्तर म्हणाले, टपरी फाटकाबाहेर आहे,
फाटकाबाहेरचं माझ्याकडे नाही.
विभागीय कार्यालयात म्हणाले,
खाण्याचं काय ते आम्हाला सांगू नका,
अतिक्रमण म्हणा. उद्याच गाडी पाठवतो.

जिन्यावरून उतरताना कुणी कुणाशी बोललं नाही.
ती गाडी आम्हाला माहीत आहे.
लहामगे वहिनींची भाजीची हातगाडी तिनंच उचलली होती,
मेथीच्या जुड्यांसकट.

अर्ज परत घेतला. टपरीवर गेलो.
रंजू बेंडकुळे, पेठकडची,
आम्हाला बघून माळा सावरत म्हणाली,
एका पुडीमागं साठ पैसे सुटतात मला.
तुमच्या पोरांची पोटं तुम्हाला दिसतात,
माझं पोर कुणी बघितलंय का?

बघितलं.
फळीखाली पोतं टाकून बसलं होतं,
दुसरीतलं, तेच खात, गृहपाठ करत.
वहीच्या कडेला नारिंगी ठसे,
आमच्या अर्जावर होते तसेच तीन.

घरटी चाळीस रुपये काढले.
हरभरे आले, पेरू आले,
रंजूच्या सासूनं गावाहून नागली धाडली,
तिचे लाडू वळताना कळलं,
आमच्यातल्या चौघींना ते वळता येत नाहीत.

पहिल्या दिवशी दोन पुड्या खपल्या चण्यांच्या.
त्यातली एक माझ्या पोरानं घेतली, धाक होता म्हणून.
दुसऱ्या दिवशी एकच.
लाडवांना मुंग्या लागल्या.
शकीलाभाभी म्हणाली, झालं, समाजसेवा संपली.

तिसऱ्या दिवशी रंजूनं आम्हाला न विचारता
कैरी किसली, कांदा कापला, लाल तिखट मारलं,
पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलं : झटका चणे.
मधल्या सुट्टीत पोरं एकमेकांच्या पायावर पाय देत उभी.
मी कंपनीत होते, मला हे ऐकूनच माहीत,
पण रोज ऐकते, आणि रोज गर्दी थोडी वाढलेली असते.

पुड्यांच्या माळा अकरा होत्या. आता चार आहेत.
चार आहेत, हेही सांगायला हवं.
मागच्या गुरुवारी डबा झाला नाही
तेव्हा त्यातलीच एक मी तोडून नेली,
रंजूनं पैसे घेतले, काही बोलली नाही.

पोराचं वजन दोनशे ग्रॅम वाढलंय.
वैजयंताताई म्हणतात, एवढ्यावरून काही सांगता येत नाही,
त्यानं चप्पल काढली होती का?

चणे भिजवायची पाळी आज माझी.
पातेलं लहान पडलं.
पहाटे उठले तर झाकण
खाली फरशीवर पडलेलं,
आणि चणे काठाच्या वर आलेले.