दुसऱ्या बाजूची धूळ

ओपुवोच्या बाजारामागे
शेळ्या हाकलून गाडी लावावी लागते.
वेतारुहेनं बॉनेट उघडलं,
काही न बोलता फिल्टरच्या डब्यात हात घातला.
बाहेर आला तेव्हा तो हात
पिठाच्या डब्यात बुडवल्यासारखा, कोपरापर्यंत.

"कुठून?"
पुरोसहून. होआनिबच्या कोरड्या पात्रातून दोन दिवस.
"पुढे कोण होतं?"
सरकारी गाडी. मी मागे.
"म्हणजे त्यांची धूळ तू खाल्लीस,
आणि जेवणाचं बिलही तूच भरणार."

फळीवर त्यानं एकेक मांडलं.
कागदी: घड्याघड्यांचा, कोऱ्या वहीच्या वासाचा.
कापडी: लाल तेलानं माखलेला,
विंडहुकच्या कुणी शौकिनानं इथंच विसरलेला.
"हा मोकळा श्वास घेतो. मोकळा म्हणजे सगळ्यांनाच मोकळा.
बारीक धूळ पाहुणी म्हणून येते आणि घरजावई होते."
स्पंजाचा: धुवा, वाळवा, तेलात बुडवा, पिळा.
"तुझ्याकडे प्यायला तरी पाणी असतं का?"
शेवटी एक लोखंडी भांडं, तळाशी काळं तेल,
त्याच्या बापाच्या ट्रकचं.
"हे अजून जिवंत आहे. ट्रक गेला. बापही."

मला नळी हवी होती,
छपरापर्यंत चढणारी, काळी, चकचकीत,
तोंड वाऱ्याकडे वासलेलं.
नदीला पाणी येतं वर्षातून चार दिवस,
ते चार दिवस मी घरी झोपून असते.
तो नाकापेक्षा मोती जड, असं काहीसं पुटपुटला.

मग स्वतःच टपावर हात ठेवून उभा राहिला.
"पाण्यासाठी नको. हवेसाठी घे.
चाकाजवळची हवा वेगळी, इथली वेगळी.
मेंढीला विचार, मग जिराफाला विचार."
वासलेलं तोंड मात्र त्यानं बसवू दिलं नाही.
तिथं पारदर्शक वाटी आली,
हवा तिच्यात गरगरते, जड धूळ कडेला फेकते.
"रोज संध्याकाळी ओतून टाक.
भरलेली वाटी आणि नसलेली वाटी, एकच."

मागे शीतपेटीत लसी होत्या,
तीनशे गुरांच्या, फुप्फुसाच्या रोगावरच्या.
बर्फ उद्या दुपारपर्यंत.
मी म्हटलं, कागदी दे, दोन दे, लवकर दे.

तो घाईला आला नाही.
पांढरी चिंधी बोटाला गुंडाळली,
फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडच्या नळीत फिरवली.
चिंधीवर तपकिरी रेघ,
बीजेच्या चंद्राएवढी.

"फिल्टर बिचारा बरा होता," तो म्हणाला,
"कडेचं रबर इथं दुमडलंय. बघ.
दार भक्कम, चौकट वाकडी.
कुणी बसवला हा?"

गॅरेजवाल्यानं, मी म्हटलं.
डॅशबोर्डवर माझी बॅटरी पडली होती,
तिच्या मुठीवर दातांचे वण.
गेल्या महिन्यात, रात्री, वाऱ्यात,
दोन्ही हात कामात असताना
ती मी तोंडात धरली होती.
त्यानं बॅटरीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

ग्रीसची डबी पुढे सरकवली.
"तू लाव. बोटानं. पूर्ण गोल फिरव,
जिथं सुरू केलंस तिथं परत ये."

दुसऱ्या दिवशी ओकांग्वातीच्या पुढच्या गोठ्यावर
एक पोरगा शिंगं धरून उभा,
गाय धापा टाकत, नाकपुड्या ओल्या.
मी सुई टोचली, तिनं लाथ मारली,
पोरगा हसला, म्हणाला, हिचं हे नेहमीचंच.
दोनशे ऐंशी झाली. बाकीची डोंगरात होती.

संध्याकाळी वाटी ओतली.
मूठभर नदी खाली पडली, आवाज न करता.
डबा उघडला, बोटाला चिंधी गुंडाळली, नळीत घातलं.
बोट बाहेर काढून
आधी कंदील लावला,
चहा ठेवला,
मग पाहिलं.