यादीत नाही

विंडहुकमध्ये, तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल.
लोक पदव्या घेऊन येतात, मी त्यांचं वजन सांगतो.
तराजू नाही, एक यादी आहे.
नाव यादीत असेल तर पदवी खरी,
नसेल तर कागद छान जाड होता, एवढंच म्हणायचं.

तुयाकुला इइपिंगे रात्रीच्या बसनं आली,
वॉल्विस बेच्या मिठागरातून.
बुटांच्या शिवणीत मीठ होतं,
खुर्चीखाली पांढरी रेघ उमटली
आणि ती दिसताच तिनं पाय आत ओढून घेतले.
"टाटे," म्हणाली,
बापाच्या वयाच्या माणसाला म्हणतात तसं,
"सात वर्षं लागली.
पाळी सुटल्यावर, पंपघराच्या दिव्याखाली.
आता पर्यवेक्षकाची जागा निघालीय. तुमचा शिक्का हवा."

मी नाव वाचलं. यादीत शोधलं.
स्पेलिंग बदलून शोधलं.
मग जुनी यादी काढली,
जी काढायची मला गरज नव्हती.
विद्यापीठाचा पत्ता म्हणजे एक टपालपेटी,
दुसऱ्या खंडातल्या कुठल्याशा गावी.
फोन लावला तर तिथे कुत्र्यांचं खाद्य विकतात.

"मान्यता नाही."
हे मी दिवसातून चारदा म्हणतो.
लोक रडतात, भांडतात,
एकानं एकदा शेळी देऊ केली होती.
हिनं पिशवीतून वह्या काढल्या.
अकरा.

समासात हिरवी शाई.
बाष्पीभवनाचं गणित, दर पायरीला खूण.
'इथे घाई केलीस.'
'वारा धरला नाहीस. तुमच्याकडे वारा नसतो का?'
पुढच्या वहीत वारा धरलेला,
आणि खाली, हिरव्यात: 'आता मीठ पडेल.'
सही एका अक्षराची. ई.

"हा माणूस तरी आहे ना यादीत?"

माणसांची यादी आम्ही ठेवत नाही.
फी कुणाच्या खिशात गेली, याचा अंदाज आहे मला;
ई-च्या खिशात नक्कीच नाही.
तोही फसला असेल, तिच्यासारखाच,
पगाराची वाट बघत
पेन संपेपर्यंत तपासत राहिला असेल.

माझीही पदवी लांबूनच आली.
सरहद्दीपलीकडच्या छावणीत, तंबूत,
टपालानं धडे यायचे, पाकिटं आधीच फोडलेली,
कधी मधलंच पान गायब.
देश मोकळा झाला त्या वर्षी
खुर्च्या जास्त होत्या, माणसं कमी,
कुणी यादी मागितली नाही.
ती भिंतीवर आहे. दर सोमवारी काच पुसतो.
त्या वेळच्या वह्या कुठे गेल्या, आठवत नाही.

तरी मापात पाप नको.
आज हिला हो म्हटलं
तर उद्या तीच टपालपेटी आणखी चाळीस कागद धाडेल,
आणि त्या चाळिसांपाशी एकही वही नसेल.
त्यातला एखादा पूल बांधेल.
एखादा इंजेक्शन देईल.
हे सगळं मी मनात म्हणालो.
तिला म्हणालो, "तांत्रिक परीक्षा असते, नोव्हेंबरात,
बाहेरून बसता येतं.
पण ती पहिल्यापासून."
"पहिल्यापासून," ती म्हणाली,
आणि वह्या एकेक करून, क्रमानं, पिशवीत भरल्या.

नकाराचं पत्र मी टाइप केलं, तिच्या हातात दिलं.
तिनं उभ्यानंच वाचलं, हिशेब तपासावा तसं,
ओळीखाली नख फिरवत.
कानामागची पेन्सिल काढली, काहीतरी खरडलं
आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.
"फीची बेरीज चुकलीय, टाटे. दहा डॉलरनं.
तुमच्याच तोट्याची."

मी दुसरी प्रत काढून दिली.
परतीची बस दीडची होती.
झाडूवाल्यानं खुर्चीखालचं मीठ लोटून नेलं.
चुकलेली प्रत अजून माझ्या खणात आहे,
दहाच्या आकड्याभोवती गोल,
आणि बाजूला समासात,
बारीक अक्षरात:
'इथे घाई केलीत.'