गादी सरकवणारा

घलाच्या औद्योगिक वसाहतीत, टायरांच्या गोदामाला लागून
एक शेड आहे. छत नऊ मीटर. मी मोजलंय.
मोजण्याचाच तर पगार घेतो:
मीना अल फहलला माणसं परांच्या चढतात
आणि मी खाली उभा राहून वहीत लिहितो,
आज कोणी पडलं नाही.

शुक्रवारी मात्र इथे,
छातीशी जाड निळी गादी धरून.
आत्याला फोनवर म्हटलं, हल्ली गादी सांभाळतो,
तर म्हणाली, दुकान टाकलंस का रे मस्कतला?

काम सोपं आहे. पोरगी मधल्या लाल फुलीवरून ढळली,
स्प्रिंगांकडे यायला लागली, तर गादी आत सारायची.
पण गादीला तिचा पाय लागला की खेळ तिथेच संपतो.
झाल्या तेवढ्या उड्या मोजतात. दहातल्या.
कॅप्टन हुसाम सांगतात,
चांगला गादीवाला फोटोत दिसत नाही.

बाहेर चव्वेचाळीस. आत एसी ठिबकतोय बादलीत.
शाल्मली चढते. पांढरे मोजे, आईने आवळलेला अंबाडा.
आधी नुसतीच उंची घेत राहते,
जाळी खोल जाते, करकरते, सोडते.
मग मान हलवते किंचित, म्हणजे आता.

एक. गुडघे छातीशी.
दोन. तीन, सरळ, सुरीसारखी.
अठरा सेकंदांतले चौदा ती कोणाचीच नसते.
अगदी वर पोचली की थांबते,
खरंच थांबते, जणू काही विसरलंय.
तशीच थांबायची, दारसैतच्या खोलीत
मी पहिल्यांदा उडवली तेव्हाही.
तेव्हा आधी पंखा बंद केला होता.

सहा. सात.
आठवीला खांदा आधी वळला.
तळवे दिसले मला, दोन्ही,
आणि हातांनी मला विचारलंच नाही.

गादीवर पडली ती. बसल्यासारखी.
पंचांनी सात लिहिले.
समोरच्या बाजूचा शाजी पाणी पिताना म्हणाला,
वीतभर आत आली असती, चेट्टा. पण बरोबर केलंस.
दोन्ही खरं असेल.

गाडीत ती मनगटाची पट्टी सोलत बसली.
मग आईने काढलेला व्हिडिओ.
बोटाने आठवी मागे नेते, पुढे नेते,
वर थांबवते, सोडते.
कडेला निळी पट्टी येते, तिच्यावर माझी चार बोटं.

वतय्याच्या उतारावर म्हणाली, पोचले असते मी.
म्हटलं, हो.
उजवीकडे डोंगर, नुसता दगड, गवताची काडी नाही.

पुढच्या वेळी तू पलीकडे उभा राहा, बाबा.
मी नेहमी इकडेच ढळते.