गणसंख्येअभावी

शताब्दीच्या पुस्तिकेत इतिहासाला दोन पानं दिलीत,
त्यातलं अर्धं शीडकापडवाल्याच्या जाहिरातीला.
माझा धंदा होड्यांची भोकं बुजवण्याचा,
पण यंदा चिटणीस मी, म्हणून वही माझ्याकडे.

वाण्याच्या उधारीची लांबडी वही,
पहिल्या सहा पानांवर अजून रॉकेल आणि साखर.
सातव्यावर: जून १९२६, पहिला रविवार.
हजर सात. डॉक्टर, चुनाभट्टीचे दोघे भाऊ,
हेरिंगला धुरी देणारा एव्हाल्ड, शाळामास्तर,
चर्चमधला ऑर्गनवाला,
आणि टपाल कचेरीतला लेनार्ट, कारण त्याचं अक्षर बरं.

ठराव एक: नाव कादाक्युला यॉट क्लब असावं.
ठराव दोन: यॉट मिळेपर्यंत मासेमारीच्या होड्या चालतील.
ठराव तीन: पाण्यावर असताना कुणी कुणाकडे उसने परत मागू नयेत.
चषकाला पैसे नव्हते. जस्ताची बादली ठेवली,
आत धुरी दिलेली एक वाम.
ऑर्गनवाला जिंकला. वाम सगळ्यांनी खाल्ली, बादली परत घेतली.

अठरा वर्षं असंच.
कुणाचं शीड शेजारणीच्या चादरीचं निघालं,
डॉक्टरांनी निषेध नोंदवला, मग मागे घेतला.

मग एक पान, त्यावर एवढंच:
सप्टेंबर ४४. रात्री तीन होड्या स्वीडनकडे गेल्या.
वारा पश्चिमेचा, म्हणजे तोंडावर.
आणि पेन्सिलीनं, नंतर कधीतरी: दोन पोचल्या.

तिसरीचं नाव तिहाने.
मुठीत मावेल एवढा पक्षी तो,
हिवाळ्यातही गाव न सोडणारा.

उरलेल्या होड्या सैनिकांनी ट्रॅक्टरनं ओढून वाळूतच जाळल्या.
हे वहीत नाही, आजीनं सांगितलेलं आहे.
हेही, की रोज संध्याकाळी किनाऱ्यावर दंताळं फिरायचं
आणि सकाळी पाऊल दिसलं तर घराघराची झडती.
समुद्र दोनशे पावलांवर,
आणि माझ्या आईला शेवटपर्यंत पोहता आलं नाही.

तरी जूनच्या पहिल्या रविवारी
लेनार्ट राईच्या पिठाच्या पिंपातून वही काढायचा,
खिडकीतून जुनिपरची झुडपं किती वाकतात ते बघायचा,
लिहायचा: वारा नैऋत्य, मध्यम. शर्यतीस उत्तम.
शर्यत झाली नाही. हजर एक.
गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब.

अर्धा तास तो खरोखर थांबायचा.
चहा नाही, पेपर नाही.
मग सभा त्याच जागी पुन्हा भरायची.
वर्गणी: लेनार्ट, भरली.
बाकी सगळ्यांच्या नावापुढे, थकबाकी.
असे अठ्ठावीस जून.

१९७३ ला अक्षर बदलतं. जाड, दाबून काढलेलं,
लोणी केंद्रात पिंपं मोजणाऱ्या बाईचं.
ठराव: सभासदत्व स्त्रियांनाही खुलं करावं.
सूचक साल्मे. अनुमोदक तिचा नवरा, कै. लेनार्ट.
विरोधात कोणी नाही. मंजूर.
खाली वेगळ्या शाईनं:
अर्धा तास थांबले. बटाटे करपले.

१९९२ च्या जूनमध्ये हजर नऊ.
गॉटलंडहून एव्हाल्डचा मुलगा आला होता, टक्कल पडलेला,
पन्नास वर्षांपूर्वीची आमची बोली बोलणारा,
पोरं तोंड फिरवून हसायची.
त्यानं बापाची थकबाकी विचारली.
साल्मेनं चष्मा लावून बेरीज केली.
दंड धरला नाही, सूटही दिली नाही, पावती फाडली.
पावती घेताना त्याचा हात थरथरला
असं काही पुस्तिकेत छापू नका, वहीत तसं नाही.

आता बत्तीस होड्या, एक सौना,
आणि पार्किंगवरून एक जुनं भांडण.
बादली तीच. बुडाला दोन भोकं,
एवढी दोनच मी बुजवलेली नाहीत.

दरवर्षी हिशेबतपासनीस म्हणतो,
तिहानेवरची ही तीन नावं, चुनाभट्टीचे भाऊ आणि ऑर्गनवाला,
ब्याऐंशी वर्षांची येणी,
निर्लेखित करू या, ताळेबंद स्वच्छ दिसेल.
ठराव मांडला जातो. सूचक मिळतो.
अनुमोदकासाठी आम्ही
अर्धा तास थांबतो.